बातमी डोंगर कसा ओलांडते? जुन्नर-आंबेगाव आणि बिनतारी संदेशयंत्रणेचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/
३० जुलै २०१४, बुधवारची सकाळ. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या डोंगरांत संततधार पाऊस चालू होता. त्या पावसात डोंगराचा एक भाग सुटला आणि माळीण गावावर येऊन पडला. चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली. १५१ माणसे मृत्युमुखी पडली.

बाहेरच्या जगाला हे कसे कळले? नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला रोज दिसणारे गाव जागेवर दिसले नाही. त्याने ते कळवले. पोलिसांचा बिनतारी संच, १०० हा क्रमांक, अग्निशमनाचा १०१, त्याच वर्षी २६ जानेवारीला सुरू झालेली १०८ रुग्णवाहिका सेवा, हे सारे त्या दिवशी अस्तित्वात होते. बातमी मात्र बसने आली.

२/
पोलीस आणि अग्निशमन दलाची संदेशयंत्रणा म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो खरखरणारा वॉकीटॉकी आणि जीपवरची लांब तार. प्रत्यक्षात ही यंत्रणा म्हणजे एक साखळी आहे. कोणीतरी घटना पाहतो, कोणाला तरी सांगतो, तो ती नोंदवतो, कोणाला पाठवायचे ते ठरवतो आणि मग पथक निघते. बिनतारी संच या साखळीच्या मधल्या भागात येतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या इतिहासात ही साखळी चार शतके वेगवेगळ्या रूपांत दिसते, आणि प्रत्येक वेळी तिचा एकच दुवा सर्वांत कच्चा निघतो. तो कोणता, हे या थ्रेडमध्ये पाहू.

३/
सुरुवात १६५७ पासून करावी लागेल. त्या वर्षीच्या एप्रिलअखेरीस शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नर शहरावर रात्री छापा घातला. दोरांच्या शिड्या लावून तट ओलांडला, पहारेकरी कापले आणि सुमारे ३ लाख होन व २०० घोडे घेऊन मराठे निघून गेले. दख्खनचा सुभेदार औरंगजेब त्या वेळी विजापूरविरुद्धच्या मोहिमेत दूर गुंतला होता.

या छाप्याचे लष्करी वर्णन नेहमी होते. संदेशवहनाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे यश एका साध्या गणितात आहे. हल्ला करून परतण्याचा वेळ हा बातमी बाहेर पोहोचून मदत येण्याच्या वेळेपेक्षा कमी होता. जगातील प्रत्येक पोलीस नियंत्रण कक्ष आजही हेच गणित उलट्या बाजूने सोडवत असतो.

४/
मग किल्ल्यांवरच्या तोफांच्या इशाऱ्यांचे काय? जुलै १६६० मध्ये महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून तोफा वाजल्या आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी त्या ऐकल्या, ही परंपरेने चालत आलेली कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. या कथेत संदेशशास्त्राचा एक धडा दडलेला आहे. तोफेचा आवाज फक्त आधी ठरलेली गोष्ट सांगू शकतो. ‘पोहोचलो’ हे सांगता येते. ‘वाटेत अमुक ठिकाणी पूल वाहून गेला, दहा माणसे अडकली आहेत, दोर पाठवा’ हे सांगता येत नाही. संकट हे बहुधा आधी न ठरलेले असते. म्हणून त्याला बोलणारा माणूस लागतो.

५/
बोलणारा माणूस म्हणजे जासूद आणि हरकारा. मराठेशाहीत ही व्यवस्था चांगली विकसित झाली होती. तरीही १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना सुमारे दहा दिवसांनी, भेलशाजवळ, एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून कळली. सरकारी जासुदांच्या आधी व्यापाऱ्यांची डाक पोहोचली.

हा योगायोग मानून सोडून देण्याजोगा नाही. राज्यकर्त्याने उभारलेल्या अधिकृत मार्गाने न येता बातमी रोजच्या व्यवहाराच्या मार्गाने आली. १७६१ मध्ये हा मार्ग सावकारी डाकेचा होता, २०१४ मध्ये एसटीच्या फेरीचा.

६/
हे झाले राजधानीच्या पातळीवर. गावाच्या पातळीवर बातमी कोण नेत असे? महार वतनदार. गावची शीव राखणे, सरकारी निरोप तालुक्याला पोहोचवणे, गावच्या वसुलीसोबत चालत जाणे, मर्तिकाची खबर परगावी नेणे, ही सारी कामे या वतनाला जोडलेली होती. रात्री-अपरात्री, पावसात, ओढ्यांच्या पुरात निरोप घेऊन जाणारा तोच. मोबदला अत्यल्प आणि नकार देण्याची मुभा नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा आक्षेप नेमका या वेठीवर होता. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. राज्याची संदेशयंत्रणा शतकानुशतके ज्यांच्या पायांवर चालली, त्यांचे नाव त्या यंत्रणेच्या इतिहासात क्वचितच येते.

७/
ब्रिटिशांनी याच जुन्या रचनेवर कागदी शिक्का मारला. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने गावातील पोलीस पाटलावर गुन्ह्याची आणि संशयास्पद मृत्यूची खबर वर कळवण्याची जबाबदारी टाकली. स्वातंत्र्यानंतर १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने हे पद वंशपरंपरेतून मोकळे केले. पोलीस पाटील आजही गावोगाव आहेत. पोलीस ठाण्याच्या दृष्टीने तो गावातला पहिला अधिकृत कान आणि पहिले अधिकृत तोंड. मात्र पोलीस पाटील त्याच गावात राहतो. गावच गाडले गेले, तर तो पहिला दुवा गावाबरोबर नष्ट होतो. कायद्याला हा प्रसंग कधी सुचला नव्हता.

८/
या डोंगरांत बातमी वर न जाण्याचे आणखी एक कारण होते: ती देण्याची लोकांची इच्छा नव्हती. १८४० च्या दशकात महादेव कोळी समाजातील राघोजी भांगरे यांनी पुणे, नगर आणि नाशिकच्या घाटमाथ्यावर सावकार व सरकार यांच्याविरुद्ध उठाव केला. ब्रिटिशांकडे फौज होती, घोडेस्वार होते, बक्षिसाचे पैसे होते. तरीही डोंगरातली वाडी त्यांना काही सांगत नव्हती. राघोजी अखेर जानेवारी १८४८ मध्ये पकडले गेले ते सह्याद्रीत नव्हे, पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

संदेशयंत्रणेचा पाया विश्वास आहे, याचा हा ऐतिहासिक पुरावा. ज्या ठाण्याची भीती वाटते, त्या ठाण्याला कोणी स्वतःहून हाक मारत नाही.

९/
१८५० च्या दशकात तारायंत्र आले. पण तार प्रामुख्याने लोहमार्ग, लष्करी ठाणी आणि मोठी शहरे यांच्या सोबतीने धावली. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत आजतागायत रेल्वे आलेली नाही. ज्या खोऱ्यात खांबच पोहोचत नाहीत, तिथल्या माणसाला तार करण्यासाठी आधी तार कचेरीपर्यंत चालावे लागे. म्हणजे मधला टप्पा मिनिटांचा झाला, पहिला टप्पा मात्र पायांचाच राहिला. भारतातील तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. माळीणच्या दुर्घटनेआधी जेमतेम एक वर्ष.

१०/
तारेवाचून संदेश पाठवण्याचा शोध पोलिसांच्या कामी यायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडले. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराने १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींत बिनतारी ग्राहक संच बसवले. पण त्या मोटारी केवळ ऐकू शकत. उत्तर द्यायचे तर शिपायाने उतरून टेलिफोन शोधायचा. बोलणे आणि ऐकणे दोन्ही करणारी यंत्रणा १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयोन या गावाच्या पोलिसांनी उभारली.

हा फरक तांत्रिक वाटतो, पण तो कामाची पद्धत बदलणारा होता. एकतर्फी यंत्रणेत मुख्यालय आज्ञा देते. दुतर्फी यंत्रणेत रस्त्यावरचा शिपाई मुख्यालयाला परिस्थिती सांगतो.

११/
पुढचा टप्पा सह्याद्रीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९४० मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी एफएम पद्धतीची राज्यव्यापी दुतर्फी यंत्रणा सुरू केली. तिची आखणी डॅनिएल नोबल या अभियंत्याने केली होती. कनेक्टिकट हे टेकड्यांचे राज्य. म्हणून केंद्रे उंच जागी ठेवण्यात आली. एफएममुळे इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर कमी झाली आणि धावत्या गाडीतून स्पष्ट बोलता येऊ लागले. जगभरातील पोलीस-अग्निशमन बिनतारी यंत्रणांचा साचा इथे तयार झाला: उंचावर केंद्र, मोटारीत संच, मध्ये नियंत्रण कक्ष.

१२/
भारतात १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी संच बाळगणे गुन्हा ठरवले. म्हणजे ही विद्या आरंभापासून सरकारच्या मुठीत होती. १९४६ मध्ये पोलिसांच्या बिनतारी कामात समन्वय राखण्यासाठी केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. आज ती पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय म्हणून गृह मंत्रालयाखाली काम करते. कोणी कोणत्या लहरीवर बोलायचे, हे ठरवणारा दूरसंचार खात्यातील स्वतंत्र विभाग १९५२ पासून आहे.

महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. राज्याच्या पोलिसी लहरींचे माहेर अशा रीतीने जुन्नर-आंबेगावच्या जिल्ह्यातच आहे.

१३/
आता रचना पाहू. एखाद्या ग्रामीण पोलीस जिल्ह्याची बिनतारी यंत्रणा चार थरांची असते.

पहिला थर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा, जिथे अहोरात्र माणूस बसलेला असतो. दुसरा पोलीस ठाण्यांचा. जुन्नर तालुक्यात जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा. आंबेगावात घोडेगाव, मंचर. प्रत्येक ठाण्यात एक स्थिर संच आणि छपरावर वा मनोऱ्यावर अँटेना. तिसरा थर गाड्यांमधल्या संचांचा. चौथा हातातल्या वॉकीटॉकीचा, ज्याची शक्ती साधारण ५ वॅट, म्हणजे घरातल्या लहान दिव्याएवढी.

ही शक्ती वाढवून प्रश्न सुटतो का? फारसा नाही. कारण अडचण शक्तीपेक्षा उंचीची आहे.

१४/
पोलिसांचे संच ज्या व्हीएचएफ लहरींवर चालतात, त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे क्षितिजापलीकडे त्या पोहोचत नाहीत. यासाठी एक सोपे सूत्र आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते.

दीड मीटर उंचीवर धरलेला वॉकीटॉकी: सुमारे ५ किमी. तसेच दोन संच एकमेकांशी: सपाट मैदानात जास्तीत जास्त १० किमी.
३० मीटरचा मनोरा आणि एक वॉकीटॉकी: सुमारे २८ किमी.
भोवतालच्या प्रदेशापेक्षा ३०० मीटर उंच डोंगर आणि एक वॉकीटॉकी: सुमारे ७६ किमी.

संच तोच, शक्ती तीच. बदलली ती फक्त उंची.

१५/
म्हणून डोंगरी मुलखात रिपीटर बसवतात. रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेला, न थकणारा हरकारा. तो एका लहरीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर तेच पुन्हा बोलतो. दरीत उभ्या असलेल्या शिपायाचा आवाज वर जातो, तिथून पलीकडच्या दरीत उतरतो.

त्याला लागते काय? उंच जागा, मनोरा, वीज, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, वीजरोधक, आणि पावसाळ्यात तिथवर चढून दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ. यादीतली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ. किल्लेदाराला ज्या कारणांसाठी डोंगरमाथा हवा असे, त्यांतली अर्धी कारणे बिनतारी अभियंत्यालाही लागू पडतात: दूरवर दिसणे आणि दूरवरून दिसणे.

१६/
नकाशा डोळ्यांपुढे आणावा. जुन्नर आणि आंबेगावचा पूर्व भाग म्हणजे नारायणगाव, आळेफाटा, मंचर. ऊस, भाजीपाला, मोठ्या बाजारपेठा, पुणे-नाशिक महामार्ग. मोकळा, कमी चढउताराचा प्रदेश. बिनतारी लहरींना इथे फारशी आडकाठी नाही.

पश्चिम भाग मात्र नाणेघाट, जीवधन, हडसर, चावंड, आहुपे, भीमाशंकरचा परिसर. एकामागोमाग एक उभ्या डोंगररांगा आणि त्यांच्यामध्ये अरुंद खोरी. इथे मनोऱ्याचा आवाज रांगेच्या अलीकडे अडतो आणि पलीकडच्या वाडीवर ‘लहरींची सावली’ पडते. दरडी कोसळण्याचा धोका याच भागात अधिक, पाऊस इथेच अधिक, वस्ती विखुरलेली, आदिवासीबहुल. सर्वाधिक गरज जिथे, तिथेच सर्वांत कमी ऐकू येते. माळीण याच पट्ट्यातले.

१७/
याच जुन्नर तालुक्यात बिनतारी इतिहासाचा एक विलक्षण विरोधाभास उभा आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या आवारात, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किमी परिसरात.

जागा निवडताना एक प्रमुख निकष होता मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे. म्हणजे जी शांतता डोंगरातल्या माणसाला मदत मागताना आडवी येते, तीच शांतता आकाशगंगांचे ऐकण्यासाठी हवी होती.

१८/
जीएमआरटी ज्या लहरींवर ऐकते, त्यांतला एक पट्टा १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. पोलीस, अग्निशमन आणि तत्सम सेवांचे व्हीएचएफ संच जगभर साधारणपणे १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ या दरम्यान चालतात. दोघांचा शेजार अगदी खेटून. म्हणून आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत एक खास तळटीप आहे: भारत आणि ऑस्ट्रेलिया या देशांत १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रालाही प्राथमिक हक्काने दिलेला आहे.

एका बाजूला कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेली क्षीण कुजबुज, दुसऱ्या बाजूला ५ वॅटची हाक. दोन्हींना जागा मिळावी म्हणून लहरींचे वाटप करावे लागते. पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात, तसे.

१९/
लहर मिळाली, उंची मिळाली, तरी शिस्त लागते. एका वाहिनीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक ठाण्याला आणि गाडीला सांकेतिक हाकनाव असते. आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव, मग स्वतःचे, मग निरोप, शेवटी ‘ओव्हर’. ऐकणारा निरोप परत म्हणून दाखवतो. नियंत्रण कक्षातील माणूस वेळ टाकून नोंद करतो.

ही नोंदवही म्हणजे उद्याच्या इतिहासकाराची बखर. कोणती खबर किती वाजता आली, गाडी किती वाजता निघाली, हे सांगणारा पुरावा तोच. चौकशीत प्रश्न विचारले जातात ते याच दोन वेळांमधल्या अंतराबद्दल.

२०/
इथवरची गोष्ट पोलिसांची होती. अग्निशमनाची रचना निराळी आहे आणि हा फरक फार कमी लोकांना माहीत असतो. पोलीस दल राज्याचे आहे. त्यामुळे घोडेगावचे ठाणे आणि मुंबईतील महासंचालक एकाच साखळीत येतात. अग्निशमन मात्र प्रामुख्याने नागरी स्थानिक संस्थांचे काम आहे. १९६५ च्या नगरपरिषदा कायद्यानुसार ते नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य. राज्याचे अग्निशमन संचालनालय मार्गदर्शन करते, पण गावोगाव त्याचे ठाणे नसते.

परिणाम असा, की शहराची हद्द संपली की बंबाची हक्काची हद्द संपते. डोंगरातल्या वाडीत घर पेटले किंवा दरड कोसळली तर बंब येतो तो शेजारच्या शहराकडून मदत म्हणून. पोलीस ठाण्याला बिनतारी हाक जाते. बंबासाठी बहुतेक वेळा टेलिफोन करावा लागतो. दोन सेवा, दोन साखळ्या आणि त्यांना जोडणारा माणूस ठाण्यात बसलेला.

२१/
हद्दीचा प्रश्न माळशेज घाटात स्पष्ट दिसतो. घाटमाथा जुन्नर तालुक्यात, पुणे जिल्ह्यात. पायथा मुरबाड तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. घाटात अपघात झाला तर पाहणाऱ्या प्रवाशाला जिल्ह्याची सीमा दिसत नाही, पण प्रत्येक जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष वेगळा असतो. खबर चुकीच्या बाजूला गेली की ती एका कक्षाने दुसऱ्या कक्षाला कळवावी लागते. पूर्वी एका गावचा वेसकर निरोप पुढच्या गावच्या वेसकराच्या हाती देत असे. माध्यम बदलले, हस्तांतराचा क्षण तोच राहिला, आणि उशीर बहुधा त्याच क्षणी होतो.

२२/
या तुकड्यांना जोडण्याचा प्रयत्न म्हणजे ११२. लंडनने १९३७ मध्ये ९९९ हा एकच आपत्कालीन क्रमांक सुरू केला. भारतात ११२ ची सुरुवात २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून झाली आणि महाराष्ट्रात ही सेवा २०२१ मध्ये आली. राज्याचे मुख्य केंद्र नवी मुंबईत, जोडकेंद्र नागपुरात. हाक तिथे उचलली जाते, हाक देणाऱ्याचे स्थान शोधले जाते, घटना संबंधित जिल्ह्याच्या कक्षाकडे जाते आणि जवळच्या पोलीस गाडीतील पडद्यावर उमटते.

म्हणजे आता आहुप्याच्या खोऱ्यातली हाक आधी नवी मुंबईला जाते आणि मग घोडेगावला येते. जाळे असेल तर हा वळसा काही सेकंदांचा. जाळे नसेल तर तो सुरूच होत नाही.

२३/
याच्या उलट दिशेने जाणारी एक कल्पना पुणे ग्रामीण भागात रुजली: ग्रामसुरक्षा यंत्रणा. गावातील लोकांचे मोबाइल क्रमांक आधी नोंदवलेले असतात. चोरी, आग, अपघात, बिबट्याचा वावर असे काही घडले की एकाने टोल-फ्री क्रमांक लावून स्वतःच्या आवाजात निरोप द्यायचा. तो निरोप परिसरातील सर्व नोंदलेल्या मोबाइलवर फोन म्हणून एकाच वेळी वाजतो.

दवंडीचेच हे नवे रूप. फरक इतकाच, की दवंडी पाटलाच्या हुकमाने पिटली जाई आणि इथे कोणीही नोंदलेला गावकरी ती पिटू शकतो. मदतीची पहिली गाडी तासाभराने येणार असेल तर पहिली दहा मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात, ही जाण या रचनेत आहे. मोबाइलचे जाळे मात्र हिलाही लागते.

२४/
माळीणनंतर सह्याद्रीने दोनदा परीक्षा घेतली, दोन्ही वेळा शेजारच्या रायगड जिल्ह्यात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. महापुराने रस्ते बंद होते. मोठी मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. या वेळी खबर त्याच रात्री खाली पोहोचली आणि पथके अंधारात डोंगर चढू लागली. पण वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता येईनात. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले.

खबर वेळेत पोहोचणे म्हणजे जीव वाचणे नव्हे. मात्र खबर न पोहोचल्यास बाकी कशाचीच सुरुवात होत नाही.

२५/
आता पहिल्या प्रश्नाकडे. चार शतकांत बातमीच्या साखळीचा मधला भाग सतत सुधारला: जासूद, तार, मोर्स, व्हीएचएफ, रिपीटर, संगणकाचा पडदा. खर्च तिथे झाला, कायदे तिथे झाले, कौतुकही तिथेच झाले. पहिला दुवा, म्हणजे घटना पाहणारा आणि तोंड उघडणारा माणूस, प्रत्येक युगात गृहीत धरला गेला. कधी तो वेठीला धरलेला वेसकर होता, कधी पोलीस पाटील, कधी पावसात फेरी न चुकवणारा एसटीचा चालक. त्याच्या हाती काय आहे, त्याच्या खोऱ्यात लहर पोहोचते का आणि हाक मारण्याइतका त्याचा विश्वास आहे का, हे तीन प्रश्न यंत्रणा उभारताना बहुधा शेवटी विचारले गेले.

२६/
माळीणचे पुनर्वसन जवळच्या आमडे येथे झाले. नव्या गावाचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी करण्यात आले. जुन्या जागी गेलेल्यांची स्मृती जपली आहे.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम रांगांमध्ये आजही पावसाळ्यात ढग उतरतात, वीज जाते, मोबाइलची दांडी नाहीशी होते. त्या खोऱ्यांत एक शक्तिमान लहर कायम पोहोचते आणि तिला मनोरा लागत नाही: ठरलेल्या वेळी येणारी माणसे. शिक्षक, आशा सेविका, दूध नेणारा, एसटीचा चालक. यांपैकी कोणाच्या हाती चालू स्थितीतला संच असावा, हे ठरवणे फार खर्चाचे काम नाही. २०१४ च्या त्या सकाळी बातमी घेऊन आलेली बस हा इतिहासाने दिलेला सर्वांत स्पष्ट बिनतारी संदेश होता. तो नीट नोंदवून घेणे एवढेच बाकी आहे.

#थ्रेड_समाप्त